जुनी मोटारसायकल घ्यायचीय, तिची आधीची तपासणी कुठे बघायला मिळते? (२०१५ ची, १५० सीसी, पुणे)

वडगावची सिस्टर
१० नोव्हेंबर २०२५, दुपारी ४.१०

नमस्कार. मी हडपसरच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, राहते वडगाव बुद्रुकला. दुपारपाळी रात्री साडेनऊला संपते, पण पुढच्या सिस्टरला एकेक पेशंट समजावून देईपर्यंत दहा वाजतात. मग पीएमपीने स्वारगेट, तिथून दुसरी बस मिळेल तेव्हा. घरी पोचायला पावणेबारा. मुलगी तोवर झोपलेली असते. म्हणून आता गाडी घ्यायचीच. मोटारसायकल मला चालवता येते, वडिलांच्या गाडीवर शिकलेय. नवी परवडत नाही. नाव बदलण्याच्या खर्चासकट सगळं पन्नास हजारांत बसवायचंय.

सिंहगड रोडवरच्या एका काकांची गाडी बघून आले. २०१५ ची, १५० सीसी, काळी, ४८ हजार सांगतायत. मीटरवर फक्त ११,२६० किलोमीटर. काका म्हणाले, "मुलाची गाडी. तो बंगळुरूला गेला, तेव्हापासून मीच चालवतो." मुलगा आधी काही वर्षं हिंजवडीला नोकरीला होता. गाडी दिसायला छान आहे, पहिल्या सेल्फला चालू झाली.

माझे दाजी इंग्लंडमध्ये लेस्टरला असतात. त्यांना फोटो पाठवले तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "एमओटी हिस्टरी बघितलीस का?" तिकडे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासून घ्यावी लागते. सरकारी वेबसाइटवर नुसता गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तपासण्या कुणालाही दिसतात. कुठल्या तारखेला पास, कधी नापास, त्या दिवशी मीटर किती होतं, तपासणाऱ्याने मागच्या टायरबद्दल किंवा ब्रेकबद्दल काय शेरा लिहिला, सगळं. दाजी म्हणाले, ते बघितल्याशिवाय मी तिथे कुणाच्या गाडीला हातही लावत नाही.

मी एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला. पुणे आरटीओ, नोंदणी जून २०१५, पहिलाच मालक, नोंदणी जून २०३० पर्यंत, भारत स्टेज तीन (धुराच्या मर्यादेचा टप्पा), कर्ज नाही, विमा १८ सप्टेंबर २०२६ पर्यंत, पीयूसी २८ जानेवारी २०२६ पर्यंत. बाकी काही नाही.

मग आपल्याकडे गाडीची तब्येत आधी कुणी, कधी तपासली, हे कुठे कळतं? पेशंट आला की आम्ही आधी त्याची जुनी फाइल मागतो. गाडीची अशी फाइल असते का? रात्री सव्वादहाला सोलापूर रोडवर गाडी बंद पडली तर मी एकटी काय करणार, म्हणून इतकं विचारतेय.


नाना पेठ गॅरेज
१० नोव्हेंबर २०२५, रात्री १०.३५

ताई, मी नाना पेठेत सव्वीस वर्षं गाड्या खोलतोय. दाजी म्हणतात तशी फाइल आपल्याकडे खाजगी दुचाकीला नाही, कारण तशी तपासणीच होत नाही. शोरूममधून निघालेली गाडी पंधरा वर्षं कुठलाही सरकारी माणूस ब्रेक दाबून बघत नाही. मध्ये फक्त पीयूसी. आणि पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, चाकाकडे त्याचं काम नाही.

पण फाइल नाही म्हणून इतिहासच नाही असं समजू नका. तो तुकड्यातुकड्यांत पडलेला असतो. एक कोरा कागद घ्या आणि या गाडीच्या जेवढ्या तारखा मिळतील तेवढ्या ओळीने खाली लिहा. नोंदणी, प्रत्येक विमा, प्रत्येक पीयूसी, प्रत्येक सर्व्हिसचं बिल, टायर, बॅटरी. जिथे मीटरचा आकडा मिळेल तिथे तो बाजूला लिहा. मग बघा कुठे सहा-आठ महिने काहीच नाही. तिथे बोट ठेवून मालकाला विचारायचं, तेव्हा गाडी कुठे होती.

ही सवय मला का लागली ते सांगतो. २०१२ मध्ये एक ओळखीचे गृहस्थ गाडी घेऊन आले, "घेऊ का, एवढं सांगा." मी इंजिनचा आवाज ऐकला, एक चक्कर मारली, घ्या म्हटलं. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा कात्रजच्या घाटात पडला. पाय मोडला. गाडी माझ्याकडे आणली तेव्हा टाकी काढली, तर खाली फ्रेमला जुना वेल्डिंगचा डाग आणि त्याच्या शेजारी ताजी चीर. आधीच्या मालकाने गाडी ठोकलेली होती. विम्याचे कागद मागितले असते तर तेव्हाच कळलं असतं, कारण क्लेम घेतलेला होता. मी इंजिन ऐकून हो म्हणालो होतो. त्या मुलाला भेटायला गेलो तेव्हाचं त्याच्या आईचं तोंड मला अजून आठवतं. तेव्हापासून आधी कागद, मग पाना.

आता तुमच्या गाडीचं. २०१५ ची भारत स्टेज तीन म्हणजे दर सहा महिन्यांनी पीयूसी. स्टेज चार आणि सहाला वर्षाची असते. ऑनलाइन तुम्हाला आत्ताची दिसेल, जुन्या स्लिपा काकांकडे मागा. बरेच लोक टाकीच्या कव्हरात किंवा कागदांच्या पिशवीत कोंबून ठेवतात. स्लिपेवर मोजलेले आकडे असतात. अशा चार स्ट्रोक गाडीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्के आणि हायड्रोकार्बन ४,५०० पर्यंत चालतं. पास-नापास सोडा, दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा. हायड्रोकार्बन वर चढत गेलं असेल तर कार्बोरेटर बिघडलाय नाहीतर इंजिन ऑइल खायला लागलंय. तरी पीयूसीवर डोळे झाकून विसंबू नका. नळी न घालता स्लिप देणारे मी पाहिलेत.

मीटरची खरी नोंद कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला सापडते. जॉब कार्डवर किलोमीटर लिहितात आणि चासी नंबरावरून जुनी कार्डं निघतात. तुम्हाला देणार नाहीत, पण मालकाने मागितली तर देतात. काकांनाच फोन करायला सांगा. बाहेर सर्व्हिस करत असतील तर त्या मिस्त्रीचा नंबर घ्या.

आणि ते ११,२६०. मला पटत नाही. सिंहगड रोडवरून हिंजवडी म्हणजे जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वर्षाला अडीचशे दिवस धरले तरी दहा हजार एका वर्षात होतात. मुलगा कंपनीच्या बसने जात असेल तर गोष्ट वेगळी, ते विचारा. गाडीवर काय बघायचं? पायाखालच्या रबराच्या रेघा शिल्लक आहेत का. ब्रेकच्या पायपट्टीची कड चकाकतेय का. गिअरच्या दांड्याचं रबर. चावीचं भोक किती सैल झालंय. अकरा हजारांत यातलं काही झिजत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर मूळचेच आहेत असं सांगितलं आणि आकडे २३१९ निघाले तर ते २०१९ च्या तेविसाव्या आठवड्याचे आहेत.

जाल तेव्हा सकाळी जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी सायलेन्सरला हात लावा. गार पाहिजे. गरम इंजिन कुठलंही चालू होतं.


पॉलिसीवाली
११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११.२०

मी विम्याच्या कामात आहे, म्हणून एकच गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. नोंदणी जूनची आहे आणि विमा सप्टेंबरला संपतोय. नवी गाडी निघते त्या दिवशीच पॉलिसी सुरू होते आणि वेळेवर भरली तर तीच तारीख वर्षानुवर्षं पुढे चालते. जूनची सप्टेंबर झाली याचा अर्थ मध्ये कधीतरी पॉलिसी संपली आणि निदान तीन महिने गाडीला विमा नव्हता. कुठल्या वर्षी, ते जुन्या पॉलिसी बघून काढा.

काकांची पॉलिसी पूर्ण विम्याची असेल तर तिच्यावर नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. हा टक्का मध्येच शून्यावर आला असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालाय, नाहीतर पॉलिसी नव्वद दिवसांहून जास्त बंद होती. वरच्या दादांनी सांगितलेला अपघात असाच पकडता येतो. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्याच्या नुकसानीपुरती असेल तर त्यात बोनस नसतो, मग हा रस्ता बंद.

तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार नाही, कुणी त्याच्या नावावर किंमत वाढवून सांगितली तर ऐकू नका. आणि गाडी घेतल्यावर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या.


मोशीकर
११ नोव्हेंबर २०२५, दुपारी १.०५

सिस्टर, महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबराचे शेवटचे चार आकडे टाका. थकलेला दंड कळेलच, पण मी तुम्हाला चलानचा फोटो बघायला सांगतोय. मी गेल्या वर्षी एक गाडी घ्यायला निघालो होतो. मालक म्हणे, फक्त ऑफिसला नेतो. तीन चलानं होती, त्यातल्या दोन फोटोंत मागच्या सीटवर जेवण पोचवायचा चौकोनी डबा. वेळ एकदा रात्री साडेअकरा, एकदा दुपारी दोन. दिवसभर डिलिव्हरीला पळालेली गाडी होती ती. फोटोत जागा, तारीख, वेळ सगळं असतं, म्हणजे दादांच्या कागदावर आणखी एक ओळ.

तपासणीचं म्हणाल तर आपल्याकडे खरी तपासणी पहिल्यांदा होते ती पंधरा वर्षं झाल्यावर. पासिंग. गाडी आरटीओकडे न्यायची, मोटार वाहन निरीक्षक चासी नंबर ताडून बघतो, दिवे, हॉर्न, ब्रेक बघतो, मग पाच वर्षं वाढवून मिळतात. माझ्या मामाची २००९ ची गाडी गेल्या वर्षी पासिंग करून आणली तेव्हा मला वाटलं, सोळा वर्षांच्या गाडीला सरकारी डोळा लागलेला असतो आणि नऊ-दहा वर्षांच्या गाडीला कधीच नाही. पासिंग संपलेली गाडी स्वस्त मिळते म्हणून मात्र घेऊ नका. उशिराचा दंड महिन्यामागे तीनशे रुपये चढत जातो आणि तो घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

चोरीची शंका असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' सेवा आहे, तिथे नंबर टाकून बघता येतं.


मुठाकाठ
११ नोव्हेंबर २०२५, रात्री ९.४५

ताई, काका सिंहगड रोडला नेमके कुठे राहतात? एकता नगरीच्या, निंबज नगरच्या बाजूला असतील तर एकच प्रश्न विचारा. २५ जुलै २०२४ च्या पहाटे गाडी कुठे उभी होती?

मी तिथेच राहतो. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि आम्हाला जाग आली तेव्हा पार्किंग भरलं होतं. आमच्या एका सोसायटीत पस्तीसेक दुचाक्या पाण्याखाली होत्या. नंतरच्या महिन्याभरात त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून विकल्या गेल्या, आणि त्या घेणारे तुमच्यासारखेच लोक होते. ती गोष्ट कुठल्याही ॲपवर दिसत नाही. जूनमध्ये विमा संपून सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू झाला असेल तर मधला महिना कुठला, बघा.


नाना पेठ गॅरेज
११ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.१०

मुठाकाठ यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. बुडालेली गाडी वरून ओळखता येत नाही, पाणी मारलं की चकाचक. गाळ मात्र पाणी पोचतं पण हात पोचत नाही अशा ठिकाणी बसतो. सीट काढा आणि सीटच्या पत्र्याची खालची बाजू बघा. बॅटरी काढायला सांगा, तिच्या डब्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. हेडलाइटच्या मागे वायरींचे जोड असतात, एक-दोन सोडवून बघा, तांबं हिरवट पडलंय का. इंजिनाचं ऑइल दुधाच्या चहासारखं असेल तर पाणी अजून आत आहे, पण वर्षभरात तीन वेळा ऑइल बदललं असेल तर ते काही सांगणार नाही. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा आणि बेअरिंगची घरघर ऐका. नदीचा गाळ अगदी बारीक असतो, चिमटीत घेतला तर पिठीसारखा लागतो. रस्त्याची धूळ खरखरते.


वडगावची सिस्टर
१५ नोव्हेंबर २०२५, दुपारी १२.३०

आज सकाळी आठला वडिलांना घेऊन गेले. सांगून ठेवलं होतं, तरी सायलेन्सर कोमट लागला. मी काही बोलले नाही.

आधी कागद मागितले. काकांनी प्लास्टिकची पिशवी आणून दिली आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. मी तिथेच वहीच्या पानावर लिहीत गेले. विमा २०२३ पर्यंत दरवर्षी जूनला, सगळा थर्ड पार्टी. ११ जून २०२४ ला संपलेला. पुढची पॉलिसी १९ सप्टेंबर २०२४ पासून. पीयूसी ४ मार्च २०२४, त्यानंतर थेट २७ जानेवारी २०२५, मग २९ जुलै २०२५. हायड्रोकार्बन अनुक्रमे ६१०, १,४८० आणि १,९३०. तिन्ही वेळा पास. पिशवीच्या तळाला एका गॅरेजचं ऑइल बदलल्याचं बिल चिकटून बसलं होतं, डिसेंबर २०२२ चं. त्यावर पेनाने लिहिलेलं, ४७,८५०.

मी ते बिल काकांच्या हातात दिलं आणि विचारलं, "काका, २५ जुलैला गाडी खाली पार्किंगला होती का?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन आणखी एक बिल घेऊन आले. ऑगस्ट २०२४. कार्बोरेटर साफ, दोन्ही चाकांची बेअरिंग, सेल्फ मोटर, ऑइल तीन वेळा, आणि मीटर नवीन. पाणी सीटच्या वर गेलं होतं. गाडी दुसऱ्या दिवशी बाहेर निघाली. मुलगा मे महिन्यात बंगळुरूला गेला, विमा तोच भरायचा, तो राहून गेला. काकांनी खिशातून नऊ हजार घातले. नवीन मीटर शून्यापासून सुरू झालं, म्हणून ११,२६०. म्हणजे गाडी साठ हजारांच्या पुढे गेलेली आहे.

काका म्हणाले, "आठ-दहा लोक येऊन गेले. सगळ्यांनी मीटर बघितलं, कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तुझ्याशी खोटं बोलवत नाही." त्यांचं घरही त्या रात्री तळमजल्याला होतं. भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी मला दाखवली, रंग दिलाय तरी दिसते.

वडिलांनी बॅटरी काढली. डब्याच्या कोपऱ्यात भुरकट थर होता. चिमटीत घेतला, पिठीसारखा. हेडलाइटमागचा एक जोड हिरवा पडलेला. मुलगा रोज गाडीनेच हिंजवडीला जायचा, तेही विचारलं.

आता काका तीस हजारांत द्यायला तयार आहेत. वडील म्हणतात विचार कर, इंजिन चांगलं आहे. मी अडकलेय. काकांबद्दल वाईट वाटतंय आणि तीस हजार मला झेपतात. दादा, तुम्ही काय म्हणता?


आंबिल ओढा
१५ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३.४०

सिस्टर, दुसरी बाजूही ऐका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अरण्येश्वरला आमची गाडी ओढ्याच्या पाण्यात वाहून भिंतीला अडकली होती. ती मी दुरुस्त केली आणि पाच वर्षं चालवली. इंजिनाने कधी दगा दिला नाही. पहिल्या पावसाळ्यात दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा वायरिंग. मग सगळं वायरिंग नवीन टाकलं, त्यानंतर काही नाही. तीस हजारांत घेऊन वरती वायरिंगचा खर्च करायची तयारी असेल तर बुडालेली गाडी म्हणजे मेलेली गाडी नव्हे. तुम्हाला निदान माहिती तरी आहे काय घेताय. बाजारातल्या दुसऱ्या गाडीबद्दल तेवढंही कळणार नाही.


नाना पेठ गॅरेज
१५ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.५०

आंबिल ओढा यांचं म्हणणं खोटं नाही. मीही अशा गाड्या उभ्या करून दिल्यात. पण त्यांच्याच लिहिण्यात आहे, दोनदा बंद पडली तेव्हा कारण सापडलं. ते दोनदा कुठे बंद पडली असेल? ती त्यांची स्वतःची गाडी होती, दिवसा घराजवळ चालवून बघायला त्यांच्याकडे वेळ होता. तुम्ही पहिल्या दिवसापासून रात्री दहाला हडपसरहून निघणार.

ऑगस्टच्या बिलात बघा, मीटर, मोटर, बेअरिंग आहे. वायरिंग नाही. गाळ आत ओढलेला जोड आज चालतो आणि पावसात सुटतो. हेडलाइट आणि इग्निशन एकदम जातात. कधी जातील ते मी सांगू शकत नाही, मशीन लावूनही कळत नाही. शिवाय हायड्रोकार्बन ६१० वरून १,९३० वर गेलंय, इंजिनाचंही काम निघणार आहे. तुमच्या वडिलांना इंजिन चांगलं वाटलं, मलाही २०१२ मध्ये चांगलं वाटलं होतं.

दिवसा गल्लीत भाजी आणायला गाडी हवी असती तर तीस हजारांना घ्या म्हणालो असतो. तुमच्या कामाला नको. काकांना मी ओळखत नाही, पण बिल काढून दाखवणारा माणूस वाईट नाही. त्यांना सांगा वायरिंग बदलून विका, गिऱ्हाईक मिळेल.


पॉलिसीवाली
१६ नोव्हेंबर २०२५, सकाळी १०.०५

दादांशी सहमत. आणि सिस्टर, कुठलीही गाडी घ्या, नाव बदलेपर्यंत पूर्ण पैसे सोडू नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे नाव बदललं असं होत नाही. आरसीवर तुमचं नाव दिसलं की झालं. तोवर अपघात झाला तर गुंता दोघांनाही होतो.


वडगावची सिस्टर
२२ नोव्हेंबर २०२५, रात्री १२.२०

आत्ताच ड्युटीवरून आले. उशिरा लिहितेय, माफ करा.

काकांची गाडी घेतली नाही. फोन न करता प्रत्यक्ष जाऊन सांगितलं. त्यांना राग आला नाही. दादांचं वायरिंगचं म्हणणं त्यांना सांगितलं, त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं. आता जाहिरातीत "मीटर ऑगस्ट २०२४ मध्ये बदललेले" असं स्वतःहून टाकलंय. मी वाचलं ते. निघताना त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, तुझ्या वडिलांना सांग, त्यांनी टॉर्च इथेच विसरली.

या आठवड्यात चिंचवडची एक बघितलीय. एमएच-१४, १२५ सीसी, मार्च २०१८, भारत स्टेज चार, त्यामुळे पीयूसी वर्षाची. मालकीणबाई शाळेत शिकवतात. जॉब कार्डं त्यांनी सर्व्हिस सेंटरला सांगून मला व्हॉट्सॲपवर पाठवली. ४,९००, मग ११,३००, १७,८००, २४,१५०. शेवटचं कार्ड फेब्रुवारी २०२१ चं. त्यानंतर त्या घराजवळच्या मिस्त्रीकडे जातात, त्याच्या वहीत मे २०२५ ला ४३,७०० आहे, आज मीटरवर ४६,०५०. टायरवर ११२३. चलान एकच, नाशिक फाट्यावरचं, फोटोत मागे शाळेची पिशवी बांधलेली दिसते.

विमा दरवर्षी मार्चलाच, एकही खंड नाही. पूर्ण विमा आहे. बोनस २०१९ ला २०, २०२० ला २५, २०२१ ला ३५. मार्च २०२२ च्या पॉलिसीवर शून्य.

म्हणजे २०२१-२२ मध्ये क्लेम झालाय. त्यांनी आपणहून काही सांगितलेलं नाही, मीही फोनवर विचारलं नाही, समोर बसून विचारायचंय. आज दुपारी सुट्टी आहे, तीनला जाणार आहे. गाडी सकाळपासून चालू करू नका असं सांगून ठेवलंय. दादा, टाकी तिथल्या तिथे उचलून फ्रेम बघता येते का, की त्यांच्या मिस्त्रीकडे न्यावी लागेल? कुणी सकाळी वाचलं तर कळवा.